प्रोपेनवरचं जुनं इंजिन आणि त्याचा गेलेला दम

अल्बर्टात रेड डिअरच्या आसपास फिरताना जुन्या पिकअपच्या हौद्यात, केबिनला चिकटून ठेवलेली एक आडवी जाडजूड टाकी अजूनही अधूनमधून दिसते. ही गाडी प्रोपेनवर चालते. ऐंशीच्या दशकात तेल महागलं, तेव्हा कॅनडा सरकारने गाड्या प्रोपेनवर करून घ्यायला अनुदान दिलं. अल्बर्टात नैसर्गिक वायूबरोबर प्रोपेन मुबलक निघतं, त्यामुळे शेतकरी आणि टॅक्सीवाले भराभर गॅसकडे वळले. त्यातल्या बहुतेक गाड्या भंगारात गेल्या. उरलेल्यांपैकी काही आमच्या वर्कशॉपला येतात आणि मालकाची तक्रार ठरलेली असते: चालते झकास, पण ओढत नाही.

मी इंजिनकाम शिकलो ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात. तिथे गॅसची गाडी म्हटलं की 2000 सालाआधीची व्हॅन आठवायची, मागे चोरून घरगुती सिलिंडर बसवलेली. त्या साली कायदा बदलला आणि ऑटोगॅस अधिकृत झाला. पण आपला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास उकळतं, म्हणजे इथल्या हिवाळ्यात ते टाकीत नुसतं पडून राहील. प्रोपेन उणे 42 ला उकळतं, म्हणून इथे गाडीत जवळजवळ शुद्ध प्रोपेनच भरतात.

आता दम जातो कुठे? प्रोपेनमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण पाव हिश्शाने कमी, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याने ॲव्हरेज पडतं, ताकद नाही. ताकद जाते हवेपायी. गॅस सिलिंडरमध्ये वाफ होऊनच शिरतो आणि हवेची चारेक टक्के जागा खातो. शिवाय पेट्रोलचे थेंब मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या वाटेत, उडताना हवा थंड करतात, तो फायदाही जातो, कारण प्रोपेनची वाफ आधीच कन्व्हर्टर नावाच्या भागात, रेडिएटरच्या गरम पाण्यावर झालेली असते. त्यातच पेट्रोल आणि गॅस दोन्ही चालवणाऱ्या जुन्या दुहेरी किटमध्ये गॅसचा मिक्सर कार्ब्युरेटरच्या डोक्यावर बसवलेला. इंजिनाने श्वास घ्यायचा तो दोन अरुंद गळ्यांमधून.

एवढं सगळं असूनही प्रोपेनचा ऑक्टेन, म्हणजे जास्त दाबलं तरी अकाली न पेटण्याचा गुण, शंभरच्या वर आहे, आणि माझ्या मते सगळी गोष्ट इथेच आहे. जनरल मोटर्सने 1971 पासून बिनशिशाच्या, कमी ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी आपल्या इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं. सत्तरच्या दशकातली शेव्हरोले 350, म्हणजे 5.7 लिटरची व्ही-एट, आठ-साडेआठच्या कॉम्प्रेशनची, म्हणजे मिश्रण तेवढ्याच पट दाबणारी. अशा इंजिनात प्रोपेन घालायचं आणि बाकी काहीच बदलायचं नाही, म्हणजे त्याचे तोटे सगळे पदरात घ्यायचे आणि मोठा फायदा तसाच सोडून द्यायचा. गॅसला नावं ठेवणाऱ्यांचं मला म्हणूनच पटत नाही.

गेल्या हिवाळ्यात एका वयस्क शेतकऱ्याची अशीच 350 आली. त्यांनी एक मोलाचा निर्णय घेतला होता: ही गाडी परत पेट्रोलवर चालवायची नाही. एकदा हे ठरलं की हात मोकळे होतात.

हेड उतरवून बाकावर उलटं ठेवलं. चेंबर स्वच्छ होतं, काजळीचा थर नाही. इंजिनातून काढलेलं तेलही मधाच्या रंगाचं. गॅसवरच्या इंजिनाचं हे रूप बघून मला दर वेळी समाधान वाटतं. पण एक्झॉस्टचे दोन व्हॉल्व्ह सीटमध्ये, म्हणजे ते टेकतात त्या कड्यात, चांगलेच आत धसलेले. पेट्रोलमधलं शिसं आणि ओलावा सीटला थोडं सांभाळून घ्यायचा, कोरडा गॅस तसं करत नाही. म्हणून कडक सीट घालणं आधी, ताकदीचं पुढे. ते करून सपाट माथ्याचे पिस्टन आणि लहान चेंबरचं हेड घेतलं आणि कॉम्प्रेशन साडेदहाच्या आसपास आणलं.

मॅनिफोल्डखालून जाणारी एक्झॉस्टची वाट बंद केली. ती पेट्रोल उडावं म्हणून असते, प्रोपेनला तिथे फक्त थंड हवा हवी. ही हवाही बॉनेटखालची नाही, पुढच्या जाळीतून नळीने आणली. उणे तीसला काय होणार, हा प्रश्न इथे सगळे विचारतात. रात्री ब्लॉक हीटर विजेला लावून ठेवला की सकाळी कन्व्हर्टरला कोमट पाणी मिळतं. पाणी कमी असेल तर कन्व्हर्टरवर पांढरं दहिवर धरतं, मग आधी कूलंट बघायचं.

कार्ब्युरेटर काढून इम्पकोचा 425 मिक्सर बसवला. गॅसच्या जोडण्या परवानाधारक तंत्रज्ञाकडून करून घेतल्या, त्यात तडजोड नाही.

सगळ्यात जास्त वेळ टायमिंगने, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची हे जुळवण्याने, खाल्ला आणि तो द्यायलाच हवा. कमी आरपीएमला प्रोपेनला ठिणगी बरीच लवकर लागते, पण वरती पेट्रोलइतकी आगाऊ चालत नाही. म्हणजे जुना डिस्ट्रिब्युटर नुसता फिरवून भागत नाही, आतली वजनं आणि स्प्रिंगा बदलून त्याची चालच बदलावी लागते. प्लग एक पायरी थंड घेतले, गॅप कमी ठेवली, वायरी नव्या घातल्या. गॅसला ठिणगी जोरकस लागते. ती चुकली तर भडका उलटा मॅनिफोल्डमध्ये होतो आणि मिक्सरचा पडदा फाटतो. शेवटी हवा-गॅसचं प्रमाण मोजणारा लॅम्डा मीटर लावून भाराखालचं मिश्रण किंचित गडद, म्हणजे जास्त गॅसचं, केलं, कारण भाराला पातळ चाललं की त्याच नव्या सीटा भाजतात.

नंतर गुरांचा ट्रेलर जोडून हायवे 11 ने नॉर्डेगच्या दिशेने गेलो. ज्या चढाला गिअर उतरवावा लागायचा तिथे ती वरच्या गिअरमध्येच चढली. मालक शेजारी बसून नुसते स्पीडोमीटरकडे बघत होते. ॲव्हरेज थोडं सुधारलं, पण लिटरच्या हिशोबात पेट्रोलची बरोबरी ते करणार नाही.

गावाकडे ज्यांची जुनी जीप किंवा कार ऑटोगॅसवर आहे त्यांनी यातलं सगळं जसंच्या तसं उचलू नये. ब्युटेनमुळे आपल्या गॅसचा ऑक्टेन इथल्यापेक्षा कमी, तेव्हा कॉम्प्रेशनला बेताने हात लावा. सीट, प्लग, थंड हवा आणि टायमिंग मात्र तिथेही तितकंच लागू आहे. किट मान्यताप्राप्त आणि आरसीवर नोंदवलेलं हवं. हेडचं काम चांगल्या मशीनशॉपमध्ये द्या आणि सीट कोणत्या धातूची घालणार, हे काम देण्याआधी विचारून घ्या.