आकाश मागच्या भिंतीपर्यंत पोचलं, पण झडही आत आली

अंधाऱ्या स्वयंपाकघरात उजेड यावा म्हणून त्याला लागून असलेल्या ड्राय बाल्कनीतला कडप्प्याचा माळा अखेर उतरवला. खिडकीखालची भिंत फोडून खिडकी मोठी करायचा बेत रद्द! सोसायटीची परवानगी, इंजिनिअरचा दाखला, राडारोडा, सगळंच वाचलं.

स्वयंपाकघराचा नकाशा असा: उत्तरेला एकच खिडकी, तिच्याबाहेर साडेतीन फुटी ड्राय बाल्कनी, पलीकडे शेजारची इमारत. मुख्य ओटा पूर्वेच्या भिंतीला. भर दुपारी बारा वाजताही भाजी चिरायला ट्यूब लावावी लागायची.

खिडकी लहान आहे म्हणून अंधार, असं सुताराचं म्हणणं होतं, आणि गवंडीकाकांचंही. पण ओट्याच्या उंचीला डोळे आणून खिडकीकडे बघितल्यावर खरी गोष्ट कळली. खिडकीपासून सहा फुटांच्या पुढे आकाशाचा तुकडासुद्धा दिसत नव्हता. खाली शेजारच्यांची गच्ची आडवी येत होती आणि वर आमचाच माळा, त्या दोघांमध्ये आकाशाची जेमतेम एक चिरी. जिथून आकाश दिसत नाही तिथे फक्त भिंतींवरून परतलेला उजेड पोचतो, मग खिडकी खाली कितीही वाढवा. खालून वाढवलेल्या खिडकीतून शेजारची भिंत दिसते, आकाश नाही.

माळा निघाल्यावर बाल्कनीच्या तुळईपर्यंतचं आकाश मोकळं झालं. आता मागच्या भिंतीपाशी उभं राहून ओट्याच्या उंचीवरून बघितलं तरी ढग दिसतात. मला झालेला आनंद इथल्या लोकांनाच कळेल.

आकडेही देते. राष्ट्रीय बांधकाम संहितेत दिवाणखान्याला ०.६२५ टक्के प्रकाशगुणक (बाहेरच्या उजेडाचा आत पोचणारा हिस्सा) पुरतो, स्वयंपाकघराला मात्र २.५ टक्के धरलाय. म्हणजे बाहेर ८,००० लक्स (उजेड मोजायचं एकक) असेल तर ओट्यावर २००. चिरायच्या जागी आधी ०.८ मिळत होता, आता १.९. बाल्कनीच्या भिंती आणि छत पांढरं केल्यावर २.२ झाला. फोनच्या लक्समीटरचा नुसता आकडा धरू नका. एकाच फोनने आधी गच्चीवर आणि लगेच आत मोजून गुणोत्तर काढा, आणि तेही आभाळ एकसारखं भरलेलं असताना. त्यासाठी श्रावणाआधीचे हे दिवस उत्तम.

आता त्रास. तो माळा झड अडवत होता, हे पहिल्याच जोराच्या सरीत कळलं. वॉशिंग मशीन भिजलं, पाणी उंबऱ्यापर्यंत आलं. बाहेरून पत्रा लावायला सोसायटीची मनाई आहे. दुकानदाराने दुधी पॉलीकार्बोनेट (प्लास्टिकची शीट) गळ्यात मारायचा प्रयत्न केला. 'उजेड तेवढाच येतो मॅडम' म्हणाला. नमुन्याचा तुकडा मीटरवर धरला तर निम्मा उजेड गायब. दुधी शीट ओट्यासमोर लावू नये, हे माझं ठाम मत झालंय.

मग वाटलं, ग्रिलच्या वरच्या पट्ट्यात ५ मिलिमीटरची साधी काच पक्की बसवावी, त्यातून नव्वद टक्क्यांच्या आसपास उजेड येतो. मापही घेतलं. पण बाल्कनीत गॅस गीझर आहे! तिथली हवा कोंडली तर कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला ना वास ना रंग. उजेडासाठी तो धोका घ्यायचा नाही. गीझर काढून इलेक्ट्रिक बसवला तरी चिमणीचा पाइप तिथेच सुटतो, त्यामुळे मोकळी हवा हवीच.

म्हणून आता ल्यूव्हर. काचेच्या आडव्या पट्ट्या, बाहेरच्या बाजूला खाली कललेल्या, प्रत्येक दोन पट्ट्यांत फट. पाणी बाहेर, हवा आत. उजेड थोडा जाईल, पण माझ्या हिशेबाने २ टक्के टिकायला हरकत नाही.

ओट्याची मांडणीही यामुळे बदलली. सिंक खिडकीखाली होतं तिथेच राहील. चिरायची जागा पूर्वेच्या ओट्यावर, खिडकीलगतच्या अडीच फुटांत. पूर्वेकडे तोंड केलं की उजेड डावीकडून येतो आणि सुरी धरलेल्या उजव्या हाताची सावली पाटावर पडत नाही. शेगडी त्याच्या पुढे, म्हणजे ज्योतीला वाराही लागणार नाही. पूर्वेकडे तोंड करून स्वयंपाक होणार म्हणून सासूबाई खूश आहेत. त्या अडीच फुटांवर भिंतीवरचं कपाट नाही, ते कोपऱ्यापासून सुरू होणार होतं, तो भाग मी सुताराला कापायला सांगितलाय.

लिहिता लिहिता सुचलं: बाल्कनीचा दार-पल्ला सध्या अख्खा लाकडी आहे. वरचा अर्धा भाग काचेचा केला तर २.५ गाठता येईल का? ल्यूव्हरची ऑर्डर देण्याआधी उद्या दार सताड उघडं ठेवून मोजते. दगडाचंही तेव्हाच ठरवेन. काळा ग्रॅनाइट नको, आणि पांढऱ्या क्वार्ट्झवर हळदीचे डाग बसतात, तापलेलं भांडं ठेवलं तर त्यातलं रेझिन (दगडाचा चुरा धरून ठेवणारं) खराब होतं. फिकट ग्रॅनाइटला सीलर (डाग मुरू न देणारं द्रावण) मारून कोणी वापरत असेल तर किती दिवसांनी परत मारावा लागतो ते सांगा. आणि ल्यूव्हरच्या क्लिपा अ‍ॅल्युमिनियमच्या घेऊ की स्टीलच्या?