एए मीटिंग शोधताना: माझा अनुभव

'दारू सोडणाऱ्यांचा ग्रुप जवळपास' असं मोबाइलवर शोधलं की आधी दिसतात ती पैसे घेऊन दाखल करून घेणारी केंद्रं. तिथे नंबर टाकला की फोन सुरू, 'पत्ता द्या, गाडी पाठवतो, पेशंटला घेऊन जाऊ.' मला हवं होतं ते हे नव्हे. दारू सोडलेल्यांनीच आपसात चालवलेला ग्रुप हवा होता, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, सगळ्यांच्या तोंडी 'एए'. तो ओळखायला सोपा. फी नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड नाही. दारू सोडायची इच्छा एवढी एकच अट. कुणी पाचशे रुपये नोंदणी मागितली तर तो एए नाही, फोन ठेवावा.

पण ज्याचे हात सकाळी घेतल्याशिवाय थरथरतात त्याने मीटिंगच्या भरवशावर एकदम दारू बंद करू नये. शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भास, ताप, बरळणं सुरू झालं तर जिवावर बेततं. म्हणून आधी डॉक्टर, आणि त्यांना रोजचा आकडा खरा सांगायचा. क्वार्टर पिणारा माणूस 'दोन पेग' सांगतो, गोळ्यांचा डोस तेवढाच पडतो आणि तिसऱ्या रात्री धावपळ होते. कुठे जायचं हे कळत नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे.

मीटिंगची यादी एएच्या वेबसाइटवर मिळते, पण यादीवर विसंबून निघू नये. मीटिंगा भरतात महापालिकेच्या शाळांत, चर्चच्या हॉलमध्ये, समाजमंदिरात. परीक्षा, गणपती, निवडणूक आली की वर्ग दुसऱ्यांकडे जातात आणि यादीत पत्ता जुनाच राहतो. त्याच दिवशी दुपारी फोन करावा. उचलणारा बहुधा स्वतः मेंबर असतो, संकोच नको. मी चार गोष्टी विचारतो: आज नक्की आहे ना, भाषा कोणती, ओपन की क्लोज, आणि कोणत्या गेटने कितव्या मजल्यावर. भाषेचं विशेष विचारावं. मुंबईत मराठी, हिंदी, इंग्रजी असे वेगवेगळे ग्रुप आहेत आणि परक्या भाषेत मन मोकळं होत नाही. ओपन मीटिंगला घरचे येऊ शकतात, क्लोजला फक्त दारूचा त्रास असलेले. वॉचमनला 'एए' म्हटलं तर तो डोकं खाजवतो. 'संध्याकाळी ती माणसं जमतात ना' म्हटलं की लगेच जिना दाखवतो.

आत मुलांची ठेंगणी बाकं, फळ्यावर सकाळची भागाकाराची गणितं तशीच. फळ्याच्या खिळ्यांना दोन कापडी बॅनर, एकावर बारा पायऱ्या, म्हणजे दारूतून सावरण्याचा एएचा क्रम, दुसऱ्यावर बारा परंपरा, म्हणजे ग्रुप कसा चालवायचा त्याची तत्त्वं. मीटिंग संपली की गुंडाळून पिशवीत. सुरुवातीला क्षणभर शांतता, प्रार्थना, मग एकेक जण उठतो: 'माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक.' आडनाव कुणी सांगत नाही, विचारतही नाही. नव्याने आलेल्याने नुसतं ऐकलं तरी चालतं. मध्ये एक डबा फिरतो. ग्रुप बाहेरची देणगी घेत नाही, भाडं आणि चहा त्या डब्यातून. पहिल्या दिवशी त्यात काही टाकलं नाही तरी कुणी बघत नाही.

माणसं गळतात ती नेमकी इथे. तास-दीड तास संपला की चहाआधीच सटकायचं आणि घरी जाऊन 'आपल्यासाठी नाही ते' म्हणायचं. माझ्या मते नव्या माणसाची खरी मीटिंग चहाच्या वेळी असते, कारण फोन नंबर तेव्हा मिळतात. निदान तीन घ्यावेत आणि फोन पहिल्या पेगच्या आधी करावा, नंतर नव्हे. एका मीटिंगवरून ग्रुप तोलू नये. कुठे सगळे साठीचे, कुठे देवाचं फार. दोन-तीन ग्रुप मिळून पाच-सहा मीटिंगा झाल्यावर ठरवावं. स्पॉन्सर, म्हणजे पायऱ्या करून घेणारा जुना मेंबर, घाईने धरू नये. बाईला बाईच स्पॉन्सर असावी. जवळच्या ग्रुपात बायका नसतील तर ऑनलाइन मीटिंगचं विचारावं.

नव्या माणसाला मिळणारा '९० दिवसांत ९० मीटिंगा' हा सल्ला मुंबईत जमतो. तालुक्यात आठवड्याला एकच मीटिंग असेल तर मधले दिवस ऑनलाइन मीटिंगा आणि फोन यांनी भरून काढावे लागतात. मीटिंगमध्ये अनुभव सांगताना कुणी 'मी सगळ्या गोळ्या फेकल्या' म्हणालं, तरी मानसोपचाराच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. एए औषधांबद्दल सल्ला देत नाही, ते त्या माणसाचं मत.

घरच्यांसाठी अल-अनॉन हा वेगळा ग्रुप. पिणारा यायला तयार नसला तरी बायकोने, आईने जावं. आणि त्याला न सांगता जेवणात पावडर मिसळायच्या जाहिरातींच्या वाटेला जाऊ नये. त्यात डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवायला डॉक्टर देतात ते औषध असेल आणि वर दारू पोटात गेली तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो.

गावात ग्रुपच नसेल तर? एएच्या परंपरेनुसार दारू सोडण्यासाठी दोघे-तिघे अल्कोहोलिक जमले तरी तो ग्रुप. एक खोली, आठवड्याचा ठरलेला वार, पुस्तकं मागवायची आणि एक नंबर एसटी स्टँडजवळच्या दवाखान्यात, एक पोलीस चौकीत देऊन ठेवायचा. दोघांपैकी एक आला नाही तरी दुसऱ्याने त्या वारी खोली उघडायची.