तुझी नदी कोणती?

माझ्या पदवीचं शेवटचं वर्ष संपत आलंय. न्यूझीलंडमध्ये शिक्षक व्हायचं तर तीन वर्षांत निदान १२० दिवस खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांसमोर काढावे लागतात. आपल्याकडची आंतरवासिता ती हीच, इथे तिला प्रॅक्टिकम म्हणतात. माझी शेवटची फेरी हॅमिल्टनमधल्या एका प्राथमिक शाळेत झाली, जुलैअखेर ते सप्टेंबर. जुलै म्हणजे इथला ऐन हिवाळा. पहिल्या सकाळी मैदानातलं दव गोठून गवत पांढरं पडलं होतं आणि त्यावरून सहा-सहा वर्षांची पोरं अनवाणी पळत होती.

आई वाई तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. रात्री जेवणं आटोपली की ती टाचण काढायला बसायची, मी शेजारी अभ्यासाला. त्यामुळे तयारी म्हणजे टाचण, हे माझ्या डोक्यात पक्कं. मीही जाडजूड फाईल करून गेले होते.

पण शाळेत पाऊल टाकल्यावर आधी स्वागत. सगळी शाळा हॉलमध्ये जमते, माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, भाषेत भाषण होतं, गाणं होतं आणि मग पाहुण्याने आपला ‘पेपेहा’ सांगायचा. आपला डोंगर कोणता, नदी कोणती, माणसं कुठली, आणि अगदी शेवटी स्वतःचं नाव. कॉलेजात पाठ केलेला पेपेहा मी न अडखळता म्हटला: तौपिरी माझा डोंगर, वायकाटो माझी नदी. नदीपासून दोन गल्ल्यांवर मी भाड्याच्या खोलीत राहते, रोज तिच्या काठाने चालत जाते, तेव्हा तीच माझी, असं मला मनापासून वाटत होतं. कुणी काही बोललं नाही.

वर्गात चोवीस मुलं. बाईंना इथे ‘फाएआ’ म्हणतात. आई, मावशी, काकू असं सगळं त्या एका शब्दात येतं. ‘बाई’ ऐकत वाढलेल्या मला तो शब्द लगेच आपला वाटला.

तिसऱ्या दिवशीची गोष्ट. एक मुलगा वाचताना फार अडायचा. त्या दिवशी त्याने पुस्तकाचं अख्खं पान बोट ठेवून, एकदाही न थांबता वाचलं. मला इतका आनंद झाला की त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. आपल्याकडे याहून मोठी शाबासकी कुठली? तो खांदे आवळून जागच्या जागी गप्प झाला. पुस्तक मिटलं.

माओरी लोकांत डोकं ‘तापू’ असतं, पवित्र. दुसऱ्याच्या डोक्याला असा हात लावायचा नाही. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, त्याला गुणही मिळाले होते. पण हाताला वीस वर्षांची सवय होती, ती पुस्तकाने कशी जाणार? मधल्या सुट्टीत माझ्या मार्गदर्शक शिक्षिकेने मला बाजूला घेऊन शांतपणे तेवढंच सांगितलं. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

तीन वाजता मुलाची आजी त्याला न्यायला आली. मी तिच्याकडे गेले, काय झालं ते सांगितलं, माफी मागितली. आमच्याकडे हा आशीर्वाद असतो, हेही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “तू कुठली?”

“भारतातली.”

“ते दिसतंय. तुझी नदी कोणती?”

माझ्या तोंडून ‘कृष्णा’ निघालं. “मग हॉलमध्ये आमची का सांगितलीस?” असं ती म्हणाली नाही. ते माझं मलाच ऐकू आलं.

त्या रात्री मी फाईल बाजूला ठेवली आणि त्या डोंगराचं, त्या नदीचं नीट वाचत बसले. तौपिरीवर वायकाटोच्या माओरी राजांना पुरलेलं आहे. १८६३मध्ये ब्रिटिश फौजा याच नदीतून तोफांच्या बोटी घेऊन वर चढल्या, माणसं हुसकावली, लाखो एकर जमीन जप्त केली. हॅमिल्टन त्याच जमिनीवर वसलं, १८६४मध्ये लढाईत पडलेल्या एका ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याचं नाव घेऊन. नदीबाबतचा समझोता कायद्यात यायला २०१० उजाडलं, आणि त्यात वायकाटो नदीचं वर्णन ‘तुपुना’, म्हणजे पूर्वज, असं आहे. अशा नदीला दोन वर्षांच्या भाडेकरूने ‘माझी’ म्हणायचं? मला फार लागलं ते. शिक्षकी पेशातल्या प्रत्येक परदेशी मुलीने हा इतिहास आधी वाचावा आणि पेपेहा मग पाठ करावा, असं माझं आता ठाम मत आहे.

सोमवारी मुलांना चटईवर बसवून मी नवा पेपेहा सांगितला. पांडवगडाच्या पायथ्याशी मी वाढले, कृष्णेच्या काठी वाढले, आणि आता वायकाटोच्या काठी राहते. मग वाईच्या घाटांचे फोटो दाखवले. आमच्या गावात नदीला कृष्णाबाई म्हणतात, दर वर्षी घाटाघाटांवर तिचा उत्सव होतो, तिची ओटी भरतात, हे सांगितलं. ‘बाई’ म्हणजे काय? तर ‘फाएआ’ म्हणा, असं मी म्हटलं. मुलांना त्यात काहीच नवल वाटलं नाही. नदी बाईमाणूस असते, घरातली असते, हे चटईवरच्या निम्म्या मुलांना माझ्याआधीपासून ठाऊक होतं.

शेवटचे तीन आठवडे वर्ग पूर्ण माझ्या हाती होता. रोज तासभर वाचन, तासभर लेखन, तासभर गणित. दमछाक झाली, पार पडलं. लेखनाच्या तासाला मी नदी हाच विषय घेतला.

तेव्हा त्या मुलाने हात वर केला. “फाएआ, तुझ्या कृष्णेत तानिफा आहे का?” तानिफा म्हणजे पाण्यातला राखणदार, वायकाटोच्या तर वळणावळणाला एकेक असतो म्हणतात. मी म्हटलं, घाटावर मोठा गणपती बसलाय, ढोल्या गणपती. त्याने थोडा विचार केला. “तो काठावर. पाण्यात कोण?”

मला उत्तर सुचलं नाही. त्याने ते कागदावर काढलं: देवळाच्या पायऱ्या, खाली हिरवंगार पाणी आणि पायऱ्यांखालून डोळे वटारून बघणारं लांब शेपटीचं जनावर. खाली नाव लिहिलं आणि चित्र माझ्या हातात दिलं.

आईला फोटो पाठवला. तिने तो दुसऱ्या दिवशी तिच्या वर्गात, फोन हातोहात फिरवत, सगळ्यांना दाखवला. संध्याकाळी तिचा फोन आला. तिसरीतली एक मुलगी विचारत होती, “बाई, त्यांच्या नदीला पण बाई म्हणतात का?”