आधी त्यांना दाखवा

जिच्या महोत्सवाची ही स्मरणिका आहे त्या माझ्या शाळेने मला काय दिलं असं कोणी विचारलं, तर मी एका दमात सांगते: नाटकाचा तास. स्नेहसंमेलनातलं नाटक नव्हे, तास. वेळापत्रकात छापलेला, परीक्षा तोंडावर आली तरी गणिताला न दिला जाणारा. तो टिकवण्यासाठी आमच्या नाटकाच्या बाईंना शिक्षकांच्या खोलीत किती वेळा भांडावं लागलं असेल, याचा अंदाज मला आता येतो.

स्नेहसंमेलनातल्या नाटकाला मी नावं ठेवत नाही. पण तिथे खणखणीत आवाजाची पाच-सहा मुलं निवडली जातात, बाकीच्यांच्या वाट्याला पडदा ओढणं आणि टाळ्या वाजवणं येतं. बाईंच्या तासाला निवड नव्हतीच. बाकं भिंतीला लावायची, चपला दाराबाहेर आणि सगळा वर्ग मोकळ्या जमिनीवर. ‘त’ वर अडखळणारा मुलगाही तिथे आणि वर्षभर तोंडातून शब्द न काढणारी मुलगीही तिथे.

सुरुवात आरशाच्या खेळाने व्हायची. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, एकाने हळूहळू हालचाल करायची, दुसऱ्याने त्याचं प्रतिबिंब व्हायचं. थोड्या वेळाने बाई म्हणायच्या, ‘आता पुढाकार कोणाचा ते मला कळता कामा नये.’ ते जमायला दुसऱ्याच्या डोळ्यांकडे बघावं लागतं, आणि चौदाव्या वर्षी दुसऱ्याच्या डोळ्यांकडे टक लावून बघणं ही मोठी अवघड गोष्ट आहे. असे नाट्यखेळ व्हायोला स्पोलिन या बाईंनी शिकागोत स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांबरोबर काम करताना रचले आणि 1963 मध्ये ते पुस्तकरूपाने आले, हे मी पुढे वाचलं. भाषा, घर, परिस्थिती वेगळी असलेल्या मुलांना एकत्र आणण्यासाठी निघालेला खेळ आमच्या वर्गातही तेच काम करत होता.

कधी बाई स्वतःच भूमिकेत शिरायच्या. एकदा त्या हातात फाईल घेऊन आत आल्या आणि कोरड्या सरकारी आवाजात म्हणाल्या, ‘धरणाचं काम मंजूर झालंय. पावसाळ्याआधी घरं रिकामी करायची आहेत. कोणाला काही विचारायचंय?’ आम्ही सगळे एका क्षणात गावकरी झालो. कोणी मोबदला विचारला, कोणी शेतातल्या विहिरीचं काय म्हणून विचारलं, आणि आमच्यातली ती गप्प मुलगी उठून म्हणाली, ‘माझी आजी चालू शकत नाही, तिला कुठे नेऊ?’ बाईंनी फाईल मिटली, ती टेबलावर ठेवली आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, ‘मी आता साहेब नाही. तुम्ही पण गावकरी नाही. बसू या आणि बोलू या.’ भूमिकेतून बाहेर येणं त्या कधीच वगळत नसत. शिक्षकाने भूमिकेत उतरून शिकवायची ही पद्धत इंग्लंडच्या नाट्यशिक्षिका डोरोथी हीथकोट यांनी रुजवली. त्या चौदाव्या वर्षी शाळा सोडून लोकरीच्या गिरणीत विणकाम करायला लागल्या होत्या आणि पुढे न्यूकॅसल विद्यापीठात त्यांनी अनेक वर्षं शिक्षकांना शिकवलं. गिरणीतल्या मुलीने काढलेल्या वाटेवर आम्ही चालत होतो याचा मला आजही अभिमान वाटतो.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते पुराच्या नाटकाविषयी.

आमच्या जन्माआधी नदीला मोठा पूर आला होता. घरोघरी तो विषय निघायचा आणि दोन वाक्यांत संपायचा. बाईंनी आम्हाला जोड्या करून पाठवलं: ज्यांनी पूर पाहिला त्यांच्याकडे जा, ऐका, लिहून आणा. जाण्याआधी मात्र एक अख्खा तास विचारायचं कसं यावर गेला. ‘तुम्हाला कसं वाटलं?’ हा प्रश्न बंद. त्याऐवजी ‘त्या वेळी तुमच्या हातात काय होतं?’, ‘पाणी आलंय हे आधी कशावरून कळलं?’, ‘सगळ्यात आधी काय उचललंत?’ असं विचारायचं. समोरचा गप्प झाला तर आपणही गप्प बसायचं, घाईने पुढचा प्रश्न टाकायचा नाही. वहीत लिहिलेलं त्यांना वाचून दाखवायचं. नाव बदलायचं. आणि ते ‘हे नको’ म्हणाले तर त्यावर काट मारायची, का म्हणून विचारायचं नाही.

हा शेवटचा नियम किती कडक होता ते लवकरच कळलं. एका आजोबांनी आपल्या भावाची हकीकत सांगितली होती. आम्ही तिच्यावर प्रवेश बसवला, तो फार छान जमला होता. आणि आजोबा शाळेत येऊन म्हणाले, तेवढं राहू द्या. वर्गात चुळबुळ झाली, एक-दोघे हिरमुसले. बाईंनी संहितेची ती पानं काढून आजोबांच्या हातात दिली. चर्चा नाही, विनवणी नाही. गोष्ट ज्याची, अधिकार त्याचा.

तालमी सुरू झाल्या तशी शाळेत माणसांची ये-जा वाढली. सुतारकाम करणाऱ्या एका पालकांनी छपराचा उतार असा बांधला की त्यावर आठ मुलं निर्धास्त उभी राहतील. वायरमनकाकांनी दिवे लावताना दोघींना हाताशी घेतलं आणि निळा कागद कुठल्या दिव्याला लावला तर पहाट वाटते ते दाखवलं. नेपथ्यासाठी लोकांनी जुनी ट्रंक, कंदील, दोरखंड दिले. विंगेत एक तक्ता टांगलेला असे: वस्तू काय, कोणाची, कधी परत करायची. प्रयोगानंतर तो तक्ता पूर्ण होईपर्यंत कोणी घरी जायचं नाही.

रंगीत तालमीच्या आधी बाईंनी एक खेळ ठेवला तो फक्त गोष्टी सांगणाऱ्यांसाठी. ना पाहुणे, ना हारतुरे. ‘आधी त्यांना दाखवा. त्यांना पटलं तर गावाला दाखवू,’ असं त्यांचं म्हणणं. त्यात एक प्रवेश होता: रात्री छपरावर बसलेली बाई, खाली घर वाहून चाललंय. माझ्या मैत्रिणीने तो जीव ओतून केला, ओक्साबोक्शी रडली, आमच्याही डोळ्यांत पाणी आलं. ज्यांची ती हकीकत, त्या आजी पहिल्या रांगेतून म्हणाल्या, ‘थांब गं पोरी. मी रडले नव्हते. मी भांडी मोजत होते.’

त्या उठून मंचावर आल्या. गुडघे दुमडून छपरावर बसल्या आणि बोटांची पेरं अंगठ्याने मोजत एकेक भांडं म्हणू लागल्या: हंडा, कळशी, मोठं पातेलं, सासूबाईंचा तांब्या. मध्येच थांबायच्या, पुन्हा पहिल्यापासून मोजायच्या. कारण हिशेब लागत नव्हता, एक भांडं कमी पडत होतं. सभागृहात कोणी हललं नाही. बाईंनी वर्गात फळ्यावर भरताच्या नाट्यशास्त्रातले अभिनयाचे चार प्रकार लिहिले होते: आंगिक म्हणजे शरीराचा, वाचिक म्हणजे वाणीचा, आहार्य म्हणजे वेशभूषेचा आणि सात्त्विक म्हणजे आतल्या भावाचा. पहिले तीन आम्हाला समजले होते. चौथा त्या आजींनी दाखवला. पुढे गावासमोर प्रयोग झाला तेव्हा मैत्रिणीने फक्त भांडी मोजली, आणि पुराविषयी दोन वाक्यांच्या पुढे न जाणारी माणसं त्या रात्री शाळेच्या पटांगणात बराच वेळ बोलत उभी होती.

दहावीत वेगळा प्रयोग झाला. एका मुलीची शाळा मध्येच सुटते, एवढीच छोटी नाटिका. ती एकदा पूर्ण करायची, मग पुन्हा सुरू करायची, आणि प्रेक्षकांपैकी कोणालाही ‘थांबा’ म्हणून तिच्या जागी उभं राहता येईल. ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगस्तो बोआल यांचं हे फोरम थिएटर. पेरूमध्ये साक्षरता मोहिमेच्या काळात काम करताना एका प्रेक्षक बाईला आपली सूचना नटांना नीट करता येत नाही असं वाटलं, तेव्हा त्यांनी तिलाच मंचावर बोलावलं, आणि तिथून या पद्धतीला आकार आला. आमच्याकडे सुरुवातीला कोणी उठेना. मग एक आई आल्या, त्यांनी मुलीची नव्हे, आईचीच भूमिका मागितली आणि नवऱ्याचं काम करणाऱ्या मुलाला विचारलं, ‘तिची फी परवडत नाही की तिचं शिकणं परवडत नाही?’ तो मुलगा संहितेत नसलेल्या या प्रश्नावर गडबडला. मागच्या रांगांतले बापही गडबडून एकमेकांकडे बघत होते. त्या एका संध्याकाळने कोणाचं घर बदललं असा दावा मी करणार नाही. पण पालकसभेत जे कधीच बोललं गेलं नसतं ते तिथे मोठ्याने बोललं गेलं.

आज मी वैद्यकीय विद्यार्थ्यांना रुग्णाशी बोलायला शिकवते. त्यासाठी आमच्याकडे रुग्णाची भूमिका करणारी माणसं असतात. ही पद्धत हॉवर्ड बॅरोज या मज्जातंतुतज्ज्ञाने 1963 मध्ये सुरू केली. वाईट बातमी कशी द्यायची हे विद्यार्थी आधी त्यांच्याबरोबर शिकतात, मग खऱ्या खाटेपाशी जातात. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की हे सगळं मला येतं. समोरच्याच्या शांततेत घुसायचं नाही, हे येतं. ‘कसं वाटतंय’ऐवजी काय विचारायचं, हे येतं. दिवसभर मरणाच्या बातम्या ऐकायची भूमिका करणाऱ्या माणसाला संध्याकाळी खुर्चीवरून उठवून, त्याला त्याच्या नावाने हाक मारून, गप्पा मारून मगच घरी पाठवायचं, हेही येतं. माझे सहकारी विचारतात, हे प्रशिक्षण कुठे घेतलंस? मी शाळेचं नाव सांगते.

म्हणून आज या स्मरणिकेतून माझ्या शाळेकडे दोन गोष्टी मागते. नाटकाचा तास आता आठवड्यावरून महिन्यावर आला आहे असं ऐकलं. तो पुन्हा आठवड्यावर आणा. सभागृह नवं झालं, दिवे नवे आले, याचा आनंदच आहे. पण त्या तासाला रिकामी खोली आणि भिंतीला लावलेली बाकं पुरतात.

दुसरं म्हणजे, पुराच्या वह्या ग्रंथालयाच्या कपाटात खालच्या खणात होत्या. अजूनही असतील. प्रत्येक वहीच्या शेवटच्या पानावर सांगणाऱ्याची सही किंवा अंगठा आहे. त्यातले बरेच जण आता नाहीत. त्यांच्या मुलानातवंडांना बोलवा आणि आत्ताच्या नववीच्या मुलांकडून ती पानं त्यांना वाचून दाखवा. महोत्सवाच्या मुख्य कार्यक्रमाआधी, एखाद्या साध्या दुपारी. त्यांनी ‘हे नको’ म्हटलं तर ती वही त्यांची त्यांना देऊन टाका. मुलांची तयारी करून घ्यायला मी सुट्टी काढून येईन.