स्पिटफायर घ्यायची की नाही: घोडं उजव्या दारात अडलंय

मंडळी, मागच्या अपडेटमध्ये मी या जुन्या ट्रायम्फ स्पिटफायरचं (ब्रिटिश, दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार) जवळजवळ टोकन देऊन मोकळा झालो होतो. 'इंजिन हाताने फिरलं तर घेतो' असं लिहिलं होतं, तर इंजिन फिरलं, आणि टोकन अजून खिशातच आहे. कारण गाडी पहिल्यांदाच शेडच्या बाहेर ढकलत आणली आणि भिंतीला चिकटून असलेलं उजवं दार उघडायला मिळालं. उघडलं म्हणजे काय, खालून गुडघा लावून उचललं तेव्हा उघडलं, आणि एकदा उघडल्यावर बंद व्हायला तयार नाही.

आधी गोड बातमी. प्लग काढून एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि डिझेल मिसळून ओतलं होतं ते चांगलं मुरलं. पुलीच्या नटला पाना लावला, जरा कुरकुरली, मग एकदम मऊ फिरली, मी तिथेच चिखलात बसून उगाच परत परत फिरवत होतो. त्याहून भारी म्हणजे ब्लॉकवरचा नंबर. वायर ब्रश मारून खडू चोळला तर एफडीने सुरू होणारा, शेवटी एचई, आणि जुन्या आरसी बुकातल्या नंबराशी अक्षरन् अक्षर जुळणारा. म्हणजे मार्क थ्रीचं, स्पिटफायरच्या तिसऱ्या आवृत्तीचं, खरंखुरं १२९६ सीसी. इकडच्या इम्पोर्टेड गाडीत कधीतरी कोणीतरी हेराल्डचं (ट्रायम्फचीच साधी गाडी) ९४८ सीसी टाकून दिलेलं असणार ही धास्ती होती, कारण माउंटिंगपासून सगळं बसतं, एकाच घराण्यातली इंजिनं ती. पुली पहारीने मागेपुढे करून डायल गेज लावला तर एंड फ्लोट, म्हणजे क्रँकचं मागेपुढे सरकणं, बारा थाऊ (इंचाचे हजारावे भाग) आला, हवा चार ते आठ. ते सरकणं रोखणारे थ्रस्ट वॉशर गेलेत. पण ते संप (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) खोलून बदलता येतात, वॉशर जागेवरून गळून संपमध्ये पडलेले नाहीत ना एवढंच बघायचं, त्यामुळे त्यावर रडत नाही.

आता दार. वरच्या बाजूला, लॉकच्या बाजूची गॅप जेमतेम १ मिमी, तिथे रंग घासून पत्रा चमकतोय. त्याच दाराच्या खालच्या कोपऱ्यात गॅप ११ मिमी, बोट जातं. डावीकडे वर-खाली दोन्हीकडे साधारण ५, म्हणजे ठीकच. आता हेराल्डवाल्यांनी इथे जरा थांबा, कारण आपल्याला सवय आहे ती हेराल्डची, जिथे चेसिसला बाहेरून साइड रेल असतात आणि सिल (दाराखालची आडवी पेटी) म्हणजे नुसतं झाकण. स्पिटफायरमध्ये ते रेल नाहीत. चेसिस छोटं केलं, व्हीलबेस ९१.५ इंचावरून ८३ वर आणला, आणि बाजूचा सगळा भार टबच्या, म्हणजे बॉडीच्या मधल्या डब्याच्या, सिलवर टाकला. मागचे रेडियस आर्म (मागची चाकं पुढेमागे सरकू न देणारे दांडे) हेराल्डला चेसिसवर बसतात, इथे ते टबला येऊन बसतात, तेही सिल संपतो तिथेच. म्हणजे सिल सडला की गाडी मधून बसते, पुढचा आणि मागचा भाग वरून एकमेकांकडे झुकतात, आणि दार वरच्या बाजूला चिमटलं जातं. माझी गॅप नेमकी तेच सांगतेय.

म्हणून नेहमीची परीक्षा घेतली. दार उघडं ठेवून दाराच्या बरोबर मध्ये, चेसिसखाली लाकडाचा ठोकळा देऊन ट्रॉली जॅक लावला आणि हळूहळू उचलत गेलो. सिल नुसता सडका असेल तर गॅप वर उघडायला लागते. इथे केसभरही हलली नाही. टायर जमिनीवरून सुटायला आले तरी वरची गॅप १ ती १च. माझ्यासोबत आलेला मित्र म्हणाला, 'चला, हलत नाही म्हणजे मजबूत आहे.' मजबूत आहे हो, पण वाकड्या अवस्थेत मजबूत आहे, आणि तेच तर दुखणं आहे.

दोनच शक्यता. एक, चेसिसच वाकलंय. दोन, गाडी बसलेली असताना कोणीतरी सडक्या सिलवर नवा पत्रा वेल्ड करून तो बाक कायमचा गोठवून टाकलाय. पहिली शक्यता खरी असती तर हा लॉग इथेच बंद केला असता. ओळंबा सोडून फरशीवर खडूच्या खुणा केल्या, आउटरिगर (चेसिसचे बाजूला आलेले हात) ते आउटरिगर कर्ण मोजले, दोन्हीत २ मिमीचा फरक, या वयाच्या गाडीला मी तो फरक धरत नाही. मग मेन रेलच्या बाजूने पुढून मागे दोरी ताणली, रेल दोरीला समांतर. चेसिस सरळ आहे! मग चुंबकाला फडकं गुंडाळून उजव्या सिलवर फिरवला: पुढचे वीतभर चिकटतो, मग पुट्टी, मग परत पत्रा, आणि बी पोस्टच्या (दारामागचा खांब) पायाशी तर चुंबक सरळ खाली पडला. नखाने खरवडलं तर रंगाखाली गुलाबी पुट्टी, तिच्याखाली गॅस वेल्डिंगचा गाठीगाठींचा मणी, आणि त्या मण्याच्या मागे जुन्या सिलची कड तशीच आत राहिलेली. जुना सिल कापलाच नाही, वरून चढवला.

चिडचिड याची होते की याच गाडीच्या ट्रनियनमधून (पुढच्या चाकाचा खालचा, आट्यांवर फिरणारा सांधा) काळं तेल गळतंय. ग्रीस नाही, तेल! म्हणजे ट्रनियनला ईपी ९० गिअर ऑइल लागतं, ग्रीस भरलं की थ्रेड कोरडे पडून त्यात बसणारी उभी व्हर्टिकल लिंक तुटते, हे कळणारा माणूस या गाडीला हात लावत होता. आणि त्याच गाडीला हा असला डेंटर मिळाला.

इथे नाशिकात अंबडला माझ्या हेराल्डचा फ्लोअर ज्यांनी केला त्या काकांच्या गाळ्यावर गेलो, फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर केला, बघितलं आणि म्हणाले, 'साहेब, पत्रा मी लावतो, कापतोही मीच, पण दार बसवून द्यायची गॅरंटी मागू नका.' प्रामाणिक माणूस. चर्चा अशी ठरली: बॉडी चेसिसवरच बोल्ट केलेली ठेवायची, दरवाजाच्या चौकटीत ए पोस्ट (दारापुढचा खांब) ते बी पोस्ट चौकोनी पाइप टॅक करून बांधायचं, एका वेळी एकच बाजू, आणि दार लटकवून बघत बघत टाके मारायचे. डावी बाजू शाबूत आहे म्हणून मापं तिकडून उचलता येतील. फक्त उजवीकडे आधी कापून बाक सोडवायचा, हळूच वर घ्यायचं, आणि मगच पाइप बांधायचा. काका म्हणतात हे सीओटू वेल्डिंगनेच, गॅसच्या उष्णतेने पत्रा परत ताणला जाईल. पटलं.

सिलचे तीन थर आहेत, आतला, मधली ताकदीची पट्टी आणि बाहेरचा. आधी तिन्ही इंग्लंडहून मागवणार होतो. आता वाटतं, मधली पट्टी जवळजवळ सपाट आहे, ती सातपूरला प्रेस ब्रेकवर १.२ मिमी सीआरसीए पत्र्यातून कोणीही वाकवून देईल, उगाच तिच्यावर कुरिअर आणि कस्टम ड्युटी कशाला भरायची. बाहेरचा मात्र रिमर किंवा कॅन्ली या इंग्लंडमधल्या पार्टवाल्यांकडूनच, त्याच्या खालच्या गोलाईत इकडे हातोडा मारत बसलो तर रंगानंतर लाटा दिसतात. मुंबईतल्या एका पार्टवाल्याने हेराल्डच्या वेळी मला ओरिजिनल म्हणून जे बूश दिले होते ते आठवतात, त्यामुळे त्या गल्लीत परत जाणं नाही.

आता कागदाची बाजू, हीच मला जास्त छळतेय. २०२१च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून व्हीए नंबरवर घेता येते, नव्या नोंदणीला फी २० हजार, मुदत १० वर्षं. पण त्यातच लिहिलंय की गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरबदल होईल असं मोठं काम झालेलं नसावं. सिल बदलणं हा फेरबदल की दुरुस्ती? माझ्या मते दुरुस्ती, जे होतं तेच परत लावतोय. पण तपासणीला येणाऱ्या माणसाला ते पटायला हवं, म्हणून कापण्याआधीपासून प्रत्येक थराचे फोटो काढून ठेवणार. शिवाय व्हीएवर गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, मेंटेनन्स अशा ठरावीक कामांपुरतीच. रविवारी सकाळी मिसळ खायला त्र्यंबक रोडने निघायचं तर ती रॅली म्हणायची का? मी तरी जुना मुंबई नंबरच रिन्यू करून बघायच्या बाजूचा आहे, पाच-पाच वर्षांचं फिटनेस झंझट सोसू पण चालवू तरी.

आणि हे टाइप करतानाच एक गोष्ट लक्षात आली. खालून बघताना उजव्या मागच्या बॉडी माउंटमध्ये मूळ पॅकिंगच्या जागी कसलातरी जाड काळा रबर कापून घातलेला दिसला होता, कन्व्हेअर बेल्टचा तुकडा असावा, आणि तो एका बाजूला पार चेपलाय. तेवढ्याने ११ मिमी होणार नाही, पण दोन-तीन मिमी नक्की त्याचे. म्हणजे आधी माउंटला वॉशर टाकून किती सुटतं ते बघायचं, आणि फोनला जोडायचा तो एंडोस्कोप कॅमेरा ड्रेन होलमधून आत घालून मधली पट्टी आहे की नुसती धूळ आहे ते बघायचं. पट्टी अर्धी जरी शिल्लक असली तरी काम निम्म्यावर येतं. मालकांना फोन केला, ते म्हणाले, 'बघा हवं तेवढं, पण फोडू नका.' भाव अजून चार लाखच म्हणतायत. मी तीन आणि तेही कॅमेरा बघितल्यानंतर, असं कळवलंय, त्यावर 'बघू' आलंय.

आता तुमच्याकडून एक हवंय. ज्यांच्याकडे मार्क थ्री किंवा आधीची, सिल न उघडलेली स्पिटफायर आहे त्यांनी दार उघडून वरच्या बिजागरीच्या वरच्या बोल्टच्या मध्यापासून स्ट्रायकरच्या (चौकटीवरचा लॉक अडकतो तो तुकडा) वरच्या बोल्टच्या मध्यापर्यंत टेप लावून माप पाठवा, दोन्ही बाजूंचं. मार्क फोरचं नको, त्याची मागची बाजू वेगळी आहे, उगाच गोंधळ होईल. टेप कापडी नको, स्टीलचा घ्या.