खेळाडूच्या नावावरची कमाई

कॉलेजात शिकणाऱ्या खेळाडूंना जाहिरातींतून पैसे कमावू देणे योग्य आहे का, त्यांच्या शिक्षणाचे काय, असे तुम्ही अमेरिकेतील 2021 सालच्या बदलाबद्दल मला वारंवार विचारता. माझ्या मते हा बदल योग्यच आहे आणि तो फार उशिरा झाला.

शिक्षणाची काळजी रास्त आहे, पण कॉलेजच्या खेळात पैसा 2021 साली आलेला नाही. तिथल्या कॉलेजांच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएए या संघटनेने पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपण हक्कांचा करार 2016 साली आणखी आठ वर्षांसाठी वाढवला, तो 8.8 अब्ज डॉलरला. प्रशिक्षकांना लाखो डॉलर पगार मिळत होता. ज्यांच्यासाठी प्रेक्षक येत, त्या खेळाडूंनाच स्वतःच्या नावावर कमाई करण्याची बंदी होती. संगीत शिकणाऱ्या विद्यार्थ्याने स्वतःचे ध्वनिमुद्रण विकले तर त्याला कोणी अडवत नसे. यूसीएलए या लॉस एंजेलिसमधील विद्यापीठाचा माजी बास्केटबॉल खेळाडू एड ओबॅनन याला एका व्हिडिओ गेममध्ये स्वतःचीच प्रतिकृती खेळताना दिसली, आणि तिचा एक पैसाही मिळत नसल्यामुळे त्याने 2009 साली एनसीएएवर दावा लावला. मला त्याचा संताप पूर्ण पटतो. पुढे 2019 साली कॅलिफोर्नियाने खेळाडूंना अशी कमाई करू देणारा कायदा केला, इतर राज्ये त्या वाटेने गेली आणि 1 जुलै 2021 पासून एनसीएएला ही बंदी उठवावी लागली.

पहिल्याच दिवशी करार करणाऱ्यांत फ्रेस्नो स्टेट या विद्यापीठाकडून बास्केटबॉल खेळणाऱ्या कॅव्हिंडर या जुळ्या बहिणी होत्या. मुलींच्या बाबतीत हे मला विशेष महत्त्वाचे वाटते, कारण अनेक खेळांत त्यांच्यासाठी पुढे व्यावसायिक लीगच नसते आणि लोकप्रियतेचा काळ कॉलेजातच सरतो.

धनाढ्य समर्थकांनी निधी गोळा करून, जाहिरातीच्या नावाखाली, खेळाडूंना आपल्या कॉलेजकडे ओढणे मात्र मला मान्य नाही. तो छुपा पगारच होय. खेळाडूंनी एनसीएएवर लावलेल्या दाव्यात जून 2025 मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर कॉलेजे स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ शकतात, हे त्या मानाने अधिक प्रामाणिक आहे.

आपल्याकडून टेनिस किंवा स्क्वॉशची शिष्यवृत्ती घेऊन तिकडे जाणाऱ्या मुलांची अडचण वेगळी आहे. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर कामाचे निर्बंध कडक असल्याने, सहकाऱ्याला सहज मिळणारा करार त्यांच्या व्हिसावरच गदा आणू शकतो. म्हणून कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी त्यांनी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला जरूर विचारावे.