कालची गाडी लूपला

काल सकाळी साडेनऊला मी कामाला बसले आणि संध्याकाळी सातला उठले. तेवढ्यात बारा पानं व्हायची होती, झालं दीड. बॉयलरच्या माहितीपुस्तिकेचा अनुवाद आहे, कादंबरी नव्हे. त्यामुळे प्रतिभा रुसली वगैरे म्हणायचीही सोय नाही. मग दिवसभर केलं काय? मिसळणाचा डबा घासला. वाट्या उन्हात ठेवल्या. हळदीची वाटी पिवळी ती पिवळीच राहिली, म्हणून हळदीचे डाग कशाने जातात ते फोनवर बघितलं, आणि त्या बघण्यात सव्वाचार वाजले. वाया गेलेल्या दिवसाचं मला सगळ्यात वाईट काय वाटतं, तर त्यात धड मजाही केलेली नसते. सरळ सिनेमाला गेले असते तर निदान सिनेमा तरी झाला असता.

अशा दिवसावर माझा उपाय ठरलेला. जेवून पुन्हा बसायचं, रात्री दोनपर्यंत रेटायचं. ते नाहीच जमलं तर वहीचं कोरं पान काढून पहाटे पाचपासूनचं वेळापत्रक आखायचं. पट्टीने, दोन रंगांत. ते आखून झालं की काम झाल्यासारखंच वाटतं आणि झोप फार छान लागते. इतकी छान, की पाचाला जाग येत नाही. म्हणजे दुसरा दिवसही उजाडतो तोच लेट.

हा शब्द आमच्या घरात जरा जपून वापरावा लागतो. बाबा मध्य रेल्वेत गार्ड होते. (२०२२ मध्ये त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणायला लागले. बाबांना निवृत्त होऊन तोवर बरीच वर्षं झाली होती, तरी त्यांनी चार दिवस आईकडून मॅनेजरसाहेब म्हणवून घ्यायचा प्रयत्न करून पाहिला.) काल रात्री मी पट्टी शोधत होते, तर त्यांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं, “डिटेन्शन कशाचं?”

गार्डाच्या जर्नलमध्ये वेळा लिहाव्या लागतात. गाडी कुठे किती मिनिटं अडकली (हेच डिटेन्शन), कशापायी अडकली, पुढे त्यातली किती मिनिटं भरून काढली. भरून काढलेल्या वेळाला ‘मेकअप’ म्हणतात, हे लहानपणी ऐकून मला भारी गंमत वाटायची. सिग्नल मिळाला नाही, रुळावर गुरं आली, कुणी साखळी ओढली, इंजिन बिघडलं. कारण लिहायचंच, पण एका ओळीत. रडगाण्याला त्या रकान्यात जागाच नसते.

“हळद,” मी म्हटलं.

“लिहून टाक. आणि कालची गाडी लूपला घे.”

लूप म्हणजे स्टेशनात मुख्य रुळाला फुटणारी बाजूची लाइन. मला वाटायचं, जिला उशीर झालाय तिलाच आधी सोडत असतील, बिचारी म्हणून. बहुधा उलटं होतं. लेट झालेल्या गाडीचा ठरलेला रस्ता गेलेला असतो. तिला पुढे काढायला जावं तर मागची वेळेवर धावणारी अडकते, तिच्यामागे तिसरी, आणि बघता बघता अख्ख्या सेक्शनचा विचका. म्हणून लेट गाडी लूपला उभी करतात, वेळेवरची मेन लाइनने धडधडत पुढे जाते, आणि मग सापट मिळेल तशी हिला सोडतात. आत बसलेले लोक रेल्वेला शिव्या घालतात. कसाऱ्याला तशी पाऊण तास बसून मीही घातल्यात, बाबा शेजारी बसलेले असताना.

म्हणजे इतकी वर्षं मी करत काय होते? कालची साडेदहा पानं आजच्या बारांच्या पुढे दामटत होते.

कसाऱ्यावरून आठवलं. तिथून इगतपुरीपर्यंत थळ घाट, चढ ३७ ला १. म्हणजे ३७ मीटर पुढे सरकताना एक मीटर वर. एरवी तगडं असलेलं इंजिनही तिथे एकट्याने गाडी ओढत नाही. कसाऱ्याला मागून बँकर जोडतात, ती इंजिनं ढकलत वर नेतात आणि इगतपुरीला सुटी होतात. माझा घाट म्हणजे पहिलं पान. आज सकाळी आईला सांगून ठेवलं, सव्वादहापर्यंत मला उठू देऊ नकोस. तिने दाराशी खुर्ची टाकून मेथी निवडायला घेतली. दोनदा मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठले, दोनदा तिने पेला हातात आणून दिला. दुसरं पान सुरू झालं तशी ती मेथी घेऊन निघून गेली.

आज बारा पानं झाली. कालची साडेदहा अजून लूपलाच उभी आहेत आणि मला त्यांची लाज वाटत नाहीये, हे थोडं नवीन आहे.

त्यांची सोय मात्र मी आधीच करून ठेवलेली असते, तीही बाबांकडूनच उचललेली. दादर ते सीएसएमटी अंतर नऊ किलोमीटर. मुंबईहून सुटणाऱ्या मेल-एक्स्प्रेसला दादर गाठायला वेळापत्रकात दहा-बारा मिनिटं असतात. तीच गाडी परत येताना त्याच नऊ किलोमीटरला वीस-पंचवीस मिनिटं दिलेली असतात. वाटेत झालेला उशीर जिरवायची ही जागा. म्हणून दादरला दहा मिनिटं लेट असलेली गाडी सीएसएमटीला राइट टाइम लागते आणि प्रवासी चकित होतात. लोक याला लबाडी म्हणतात. मला तर अख्ख्या वेळापत्रकातली हीच गोष्ट माणसाळलेली वाटते. पुस्तिका माझ्या हिशेबाने बुधवारी संपते; कंपनीला मी शुक्रवार सांगितलाय.

संध्याकाळी बाबांना पानांचा आकडा सांगितला. त्यांनी भिंतीवरचं घड्याळ बघितलं, मग कॅलेंडर.

“दादर गेलं का तुझं?”

“नाही अजून.”

“मग चहा टाक.”